मागच्या खिडकीतून

नेदाला घाणीचं वावडं नव्हतं. तालुक्याच्या इस्पितळात धुलाईघरातच तिची उमर गेली. रक्तापुवाच्या चादरी बघून तिनं कधी नाक मुरडलं नाही. त्यामुळे बल्गेरियातल्या त्या डोंगराळ गावानं हाजी वाल्चोचं पडकं घर वाचवायचं ठरवलं, तेव्हा साफसफाई आपसूक तिच्या गळ्यात पडली.

घर जुन्या लोकर-व्यापाऱ्याचं, जेरुसलेमची यात्रा करून 'हाजी' म्हणवून घेणाऱ्या ख्रिस्ती माणसाचं. वरचा मजला रस्त्यावर ओणवलेला, छतात कोरलेला लाकडी सूर्य आणि खाली जमिनीवर कबुतरांच्या विष्ठेचा थर. दर शनिवारी वरची आळी जमायची. स्तामेन गवंडी कौलं नीट बसवायचा, बाकीचे कुजक्या फळ्या काढायचे. समितीच्या अध्यक्षा पावलिनाबाई एके काळी शाळेत इतिहास शिकवायच्या. नेदाची मुलगीही त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्या हातमोजे घालून भाषण करायच्या, "हे घर म्हणजे आपली आई आहे."

पण शनिवारी झाडलेल्या खोलीत पुढच्या खेपेला पुन्हा उकिरडा. मागच्या फुटक्या खिडकीतून कुणीतरी पिशव्या भिरकावत होतं. घराघरात हिवाळ्याच्या साठवणीसाठी ढोबळ्या मिरच्या भाजून सोलायचे दिवस आले, तसा त्यांच्या सालींचा लगदा, माशांची डोकी, पोरांचे भरलेले लंगोट, सगळं एकत्र सडून वळवळायला लागलं.

"पलीकडच्या वस्तीतले असणार," पावलिनाबाई म्हणायच्या. सगळे माना डोलवायचे.

एका सोमवारी सकाळी नेदा विसरलेला खराटा न्यायला आत गेली आणि एक पिशवी तिच्या पायाशीच येऊन फुटली. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. समोर घरातल्या सपाता घातलेल्या पावलिनाबाई.

"बाई, तुम्ही?"

"अगं, कचराकुंडी पार खाली चौकात. माझ्या गुडघ्यांचं तुला माहीत आहे ना."

"आणि हे घर?"

"ते काय, आधीच घाण आहे. शनिवारी आपण काढतोच की."

"आपण नाही, बाई. मी काढते."

"मग तुला तर सवयच आहे त्याची."

नेदानं सगळं हातांनी गोळा केलं, वळसा घालून मागच्या गल्लीत गेली आणि पावलिनाबाईंच्या धुतलेल्या उंबऱ्यावर ओतलं.

संध्याकाळी समिती बसली. लोक बाईंना चार शब्द सुनावतील, असं नेदाला वाटत होतं. पण स्तामेन तिच्याकडेच वळला.

"म्हाताऱ्या बाईच्या दारात घाण टाकतेस? जनाची नाही, तर मनाची तरी ठेव."

"आणि ती टाकते ते?"

स्तामेननं खाली बघितलं. "एखादी पिशवी कोण टाकत नाही, नेदा?"

कुणीच वर मान केली नाही. नेदानं एकेकाचा चेहरा पाहिला. यातल्या प्रत्येकाची घाण आपण उचलली, हे तिला कळलं, आणि ती उठून अंगणात जाऊन ओकली.

दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं ती खिडकी फळ्या ठोकून बंद केली. मग नगरपालिकेत रोज जाऊन बसली. कारकून वैतागला आणि आळीच्या तोंडाशी एक कचराकुंडी आली. एवढ्यानं कचरा थांबला. एवढंच करायचं होतं, याचा तिला आणखीनच संताप आला.

पुढच्या उन्हाळ्यात घर पाहुण्यांसाठी उघडलं. "ही खोली आम्ही आमच्या हातांनी साफ केली," पावलिनाबाई पाहुण्यांना सांगतात. नेदा अजून दर शनिवारी झाडायला जाते, पण कुणाशी बोलत नाही. काम संपल्यावर पावलिनाबाईंनी भाजून आणलेली बानित्सा, पातळ पापुद्र्यांत चीज भरलेली पोळी, फिरते. नेदा ताटाला हातही न लावता निघून जाते.