उघड्यावर टाकलेला फासा

खांदा कॉलनीतल्या विश्वजीतला ऑफिसात कुणी हिंग लावूनही विचारत नसे. बंदरात आलेल्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या एका कंपनीत तो नऊ वर्षं खुर्ची झिजवत होता. बढती मात्र साहेबांच्या मेव्हण्याला मिळाली, तीही दोन वर्षांत. पण रविवारी दुपारचे तीन वाजले की घरातल्या जेवणाच्या टेबलाशी विश्वजीत राजा असायचा. तिथं तो तिघा मित्रमैत्रिणींसाठी गेम चालवायचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. विश्वजीतनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आपण आता काय करणार ते बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. सात खाड्यांचं एक राज्य त्यानं स्वतः रचलं होतं, नकाशेसुद्धा स्वतःच्या हातानं काढले होते. सहा वर्षं ती एकच गोष्ट चालली होती आणि एवढ्या लढायांत तिघांपैकी एकाचंही माणूस मेलं नव्हतं.

मरेल कसं? विश्वजीत शत्रूच्या वारांचे फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकायचा. उलव्याच्या कल्पेशच्या माणसाची मान उडाली असं फासा सांगायचा, आणि हा पठ्ठ्या चेहऱ्यावरची रेघ न हलवता म्हणायचा, "हुकला! कानाजवळून गेला!" कल्पेश टेबलावर मूठ आपटायचा, सत्यजीत शिट्टी मारायचा, रुचिरा देवाला हात जोडायची. चक्क थापा हो! पण त्या थापांवर तिघांचा रविवार गोड व्हायचा, मग कुणाच्या बापाचं काय जात होतं?

मग आभा आली. ती कामोठ्याच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. विश्वजीतच्या आईचे, पद्मजाबाईंचे गुडघे धरले होते, त्यांचे व्यायाम घ्यायला ती घरी यायची. चार महिन्यांत पद्मजाबाई जिना चढायला लागल्या आणि मुलगा प्रेमात पडला. साखरपुड्याचं बोलणं सुरू झालं तेव्हा आभाच म्हणाली, "विशू, मलाही तुझ्या गेममध्ये घे ना. रविवारी तुझे डोळे कसे चमकतात ते मला जवळून बघायचंय."

विश्वजीतला आनंद झाला आणि भीतीही वाटली. सत्यजीतनं तर पहिल्याच दिवशी टोमणा मारला, "झालं! आता वहिनींना साधा काटासुद्धा टोचणार नाही." गंमत होती ती, निव्वळ गंमत. पण साहेबांचा मेव्हणा विश्वजीतच्या मनात घर करून बसला होता. आपल्या माणसाला झुकतं माप देणारा म्हणून आपल्याकडे कुणी बोट दाखवावं, हे त्याला मरणाहून वाईट वाटायचं.

आभानं गोदू नावाची नावाडीण उभी केली. पलीकडच्या खाडीत हरवलेल्या भावाला शोधणारी. गोदू कशी बोलते, काय खाते, कशाला घाबरते, सगळं तिनं एका वहीत लिहून काढलं. रविवारची सकाळची ड्युटी संपली की डबाही न उघडता ती थेट टेबलाशी हजर व्हायची. तीन महिन्यांत तिघांनाही गोदूचा लळा लागला.

आणि मग तो रविवार. शत्रूच्या होड्या अंगावर आल्या होत्या. बाकीचे किनाऱ्यावर चढेपर्यंत गोदूनं एकटीनं नाव धरून ठेवली. तिच्यावर भाला फेकला गेला. विश्वजीतनं आडोशामागे फासा उचलला, तेवढ्यात सत्यजीत डोळा मारून म्हणाला, "वहिनी, बिनधास्त राहा. घरचाच माणूस आहे."

विश्वजीतच्या कानशिलांत जाळ झाला. त्यानं आडोसा उचलून खाली ठेवला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फासा टाकला. एकोणीस पडले, म्हणजे भाला थेट छातीत.

"गोदू मेली," तो म्हणाला. आणि काय सांगू, त्या आवाजात अभिमान होता हो, अभिमान!

आभा आधी हसली. "बरं. मेली तर मेली," म्हणत तिनं वही मिटली. पण कल्पेशला राहवलं नाही. "मास्तर, असा कसा केलास? आमाला येवढ्या येला वाचवलंस, ते काय आमाला म्हाईत नाय?" रुचिरानं त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"वाचवलंस म्हणजे?" आभानं विचारलं. तिघांच्या नजरा खाली ठेवलेल्या आडोशाकडे गेल्या, तेव्हा तिला आपोआप कळलं. "म्हणजे सहा वर्षं तू यांच्यासाठी खोटं बोललास?"

"अगं, गेम चालला पाहिजे ना."

"आणि माझ्या वेळेला?"

"तुझ्या वेळेला मी तसं केलं असतं तर लोक म्हणाले असते की..."

"कोण लोक? हे तिघं?"

रुचिरा उगाच फासे गोळा करायला लागली. सत्यजीतचं तोंड तर एवढंसं झालं होतं.

सोसायटीच्या गेटपाशी आभा थांबली. "विशू, गोदूचं जाऊ दे, खेळच होता तो. पण उद्या घरात माझ्यावर वेळ आली आणि तू असाच न्यायाधीश होऊन बसलास, तर मला नाही जमणार. आत्ताच सांगून ठेवते."

"वेडी आहेस का?" विश्वजीत म्हणाला. "तिथं मी तुझ्याच बाजूनं असणार." तिनं विश्वास ठेवला आणि रिक्षात बसली.

पुढच्याच रविवारी आभाचे वडील उदयसिंह साखरपुड्याच्या याद्या करायला आले, म्हणून गेमला सुट्टी होती. चहा झाला, पाहुण्यांची नावं झाली, आणि पद्मजाबाईंनी सहज बोलावं तसं विषयाला हात घातला. "लग्नानंतर ती ड्युटीची नोकरी नको बाई. सणवार नाही, रविवार नाही, दिवसभर परक्या माणसांचे हातपाय दाबत बसायचं." ऐका! ज्या हातांनी यांना जिना चढवला, ते हात आता यांना खुपायला लागले.

"काकू, नोकरी मी सोडणार नाही," आभा शांतपणे म्हणाली.

"आमच्या घरात सुनांनी असं उलटून बोलायची पद्धत नाही."

आभानं विश्वजीतकडे बघितलं. उदयसिंहांनीही हातातला कप बशीत ठेवला आणि जावयाकडे बघितलं. 'आई, ती नोकरी करणार' एवढंच वाक्य पुरे होतं. पद्मजाबाई दोन दिवस फुगून बसल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी विसरल्या असत्या. हे विश्वजीतलाही ठाऊक होतं. पण समोर आई, शेजारी होणारी बायको, साक्षीला सासरे. बायकोचा बैल म्हणून शिक्का बसेल या धास्तीनं त्यानं घसा खाकरला.

"आईचंही बरोबर आहे, आभाचंही बरोबर आहे. मी कुणाचीच बाजू घेणार नाही. तुम्ही दोघी बसून ठरवा."

असा संताप येतो ना! अरे, तुला कुणी पंच नेमला होता?

आभानं पर्स उचलली. दारात चपला घालता घालता ती म्हणाली, "न्याय करणारे बाहेर ढिगानं आहेत रे. मला माझं माणूस हवं होतं." उदयसिंह याद्या तशाच टेबलावर टाकून तिच्यामागे उतरले.

विश्वजीत दोन दिवस घुम्यासारखा ऑफिसला जाऊन आला. आपलं चुकलं कुठे, हे त्याला खरोखरच कळत नव्हतं. एकावर अन्याय करून दुसऱ्याचं भलं केलं नाही, हाच काय तो गुन्हा? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उदयसिंहांचा फोन आला. उभ्या आयुष्यात कुणापुढे न वाकलेला माणूस, पण लेकीसाठी शब्द चाचपडत होता.

"विश्वजीत, पोर दोन दिवस धड जेवली नाही. लग्न मोडा म्हणते, पण मन तुमच्यातच आहे तिचं. एकदा घरी या. 'मी तुझ्यासोबत आहे' एवढंच म्हणा तिला. बाकीचं मी बघतो."

विश्वजीतचा जीव गलबलला. आत्ता रिक्षा करावी आणि जावं, असं त्याला वाटलं. पण स्वयंपाकघरात आईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता, ती कान देऊन ऐकत होती.

"काका, निर्णय तिचा आहे," तो म्हणाला. "मी तिच्यावर दबाव आणणार नाही. तिच्या जागी ती बरोबर आहे, आईच्या जागी आई."

"बरं," उदयसिंह म्हणाले. "फोन स्पीकरवर आहे. आभा शेजारीच बसलीय, तिनं ऐकलंय." आणि त्यांनी फोन ठेवला.