गोदावहिनीच्या तोंडाची बाहुली

१८७७च्या दुष्काळात जुन्नरकडून माळशेज घाट उतरून शेवंती कल्याणात आली, तेव्हा अंगावरचं लुगडं आणि हातातलं रिकामं गाडगं एवढंच तिचं उरलं होतं. नवरा वाटेतच तापानं गेला. कुंभारवाड्यात परशुराम कुंभाराच्या दाराशी ती पाणी मागायला उभी राहिली. त्याच्या बायकोनं, गोदेनं, पाणी दिलं, मागोमाग भाकरी दिली आणि ती खाऊन होईपर्यंत काही म्हणता काही विचारलं नाही. मग म्हणाली, "माती मळता येते का गं?"

शेवंती राहिली ती राहिलीच.

परशुराम बाहुल्यांची मातीची डोकी करी. कापडाचं अंग गोदा शिवी. आधी हातानं एक नमुना घडवायचा, त्यावर माती दाबून दोन भागांचा साचा करायचा, तो भाजायचा आणि मग त्यातून शेकडो डोकी काढायची. पण त्याचा नमुना वडिलांच्या वेळचा, साच्यांवर साचे घेऊन पार बोथट झालेला. नाक कुठलं आणि गाल कुठला, कळेना. विलायती बाहुल्या ठाण्याच्या बाजारात दिसू लागल्या, तशी त्याची डोकी टोपलीतच पडून राहू लागली.

एका दुपारी उरलेल्या गोळ्यातून शेवंतीनं सहज एक चेहरा केला. गोल गाल, बसकं नाक, हसू आवरून धरलेले ओठ. परशुरामानं तो निरखून पाहिला आणि सुकल्यावर वर राख भुरभुरवून साचा दाबला. साचा उचलताना दोन्ही कान तुटून आतच राहिले.

शेवंतीनं साच्यातले कान टोकरून काढले.

"कानामागं खाच ठेवलीस, तिथं माती अडकते," तो म्हणाला. "साचा सरळ सुटला पाहिजे. अन् नमुना मोठा कर. भाजताना साचा आटतो, मागाहून डोकंही आटतं. दोनदा आटायचं धरून घडव."

तिनं पाच नमुने मोडले. सहावा अलगद सुटला. रंग दिलेलं पहिलं डोकं गोदेनं हातात घेतलं आणि ती बघतच राहिली.

"अगं, हे तर माझं तोंड."

"या घरात पहिलं तेच दिसलं, वहिनी," शेवंती म्हणाली.

त्या वर्षी टोपल्या रिकाम्या झाल्या. मुंबईचा एक व्यापारी ओटीवर येऊन बसला आणि परशुरामाच्या हाताची तारीफ करू लागला. परशुराम गप्प राहिला असता, तर कुणाला कळणार होतं? पण त्यानं आत हाक मारली, "शेवंते, बाहेर ये." मातीचे हात पदराला पुसत ती दारात आली. "नमुना हिचा," तो म्हणाला. "आम्ही नुसती माती दाबतो."

दुसऱ्या दिवशी शेवंती पाहते तो खिडकीजवळचा स्वतःचा पाट परशुरामानं भिंतीकडे सरकवलेला. "नमुन्याला उजेड लागतो. खिडकीशी तू बस," एवढंच बोलला.

पुढं पाऊसपाणी बरं झालं, तेव्हा तिचा दीर महिपत तिला न्यायला आला. तिनं त्याला पोटभर जेवू घातलं, त्याच्या मुलींसाठी दोन बाहुल्या बांधून दिल्या.

"घरी सांगा, मी सुखात आहे," ती म्हणाली. "उद्या नवा साचा भाजायचाय, मला यायला जमायचं नाही."