अडवलेल्यांची यादी

आक्का एम.डी. साहेबांशीसुद्धा बसूनच बोलायची. साहेब दारात आले की आम्ही शेतकी विभागातले सगळे ताडकन उठायचो आणि ही कीबोर्डवरचे हात न काढता म्हणायची, "या साहेब, खुर्ची घ्या." आमच्या साखर कारखान्याचं कॉम्प्युटर खातं म्हणजे ही एकटी, तीही कंत्राटावर. सोनईच्या शेतकऱ्याची लेक, बोलणं तिकडचंच. वयानं थोरले कारकूनही तिला आक्काच म्हणत.

एकदा कारखान्याच्या वेबसाइटवर जुगाराची जाहिरात झळकली. कुणीतरी बाहेरून घुसलं होतं. साहेब म्हणाले, जाहिरात पुसा, संपलं. "पुसून काय हुतंय? दार तर उघडंच हाय," म्हणत आक्कानं सर्व्हरवर फायरवॉल बसवायला घेतली. वेबसाइटकडं येणारा प्रत्येक मजकूर आधी ही फायरवॉल तपासणार आणि घातक वाटला तर परत पाठवणार. मात्र पहिले पंधरा दिवस फायरवॉलनं कुणाला अडवायचं नाही, नुसती नोंद ठेवायची, असा आक्काचा नियम. "आधी आपली मानसं वळखू दे तिला."

साहेबांना कुठला एवढा धीर. ऑनलाइन ऊस नोंदणी सोमवारी सुरू व्हायची होती. त्याआधी अडवणं चालू करा, असा हुकूम सुटला. आक्का लई कुरकुरली, पण आम्हा सगळ्यांना फॉर्म भरून बघायला लावून तिनं ते चालू केलं. आम्ही पडलो ऑफिसातले, सवयीनं सगळं इंग्रजीत भरलं. ते तिच्याही लक्षात आलं नाही.

नोंदणीचं काम माझ्याकडं, त्यामुळं सोमवारी सकाळपासून माझा फोन थांबेना. "आवो, नाव टाकलं की परवानगी न्हाई म्हनतंय. आमी काय चोर हाय का?" सभासद मराठीत लिहीत होते आणि फायरवॉलला ती अक्षरं म्हणजे हल्ला वाटत होता. ज्याची नोंद आधी, त्याची ऊसतोड आधी. मागं पडला त्याचा ऊस उन्हात वाळणार.

साहेब तणतणत आले. "ती भिंत काढा, नाहीतर लोकांना इंग्रजीत भरायला सांगा."

"भिंतबी ऱ्हाईल आन मराठीबी ऱ्हाईल," आक्का म्हणाली. नोंदी वाचत वाचत तिनं मराठी अक्षरं अडवणारा फायरवॉलचा तो एक नियम हुडकला आणि नाव, गाव, पत्ता एवढ्या रकान्यांपुरताच बंद केला. दुपारी देवळाली प्रवराच्या एका बाईंचा मराठी फॉर्म सुरळीत गेला.

पण सकाळी परत गेलेल्यांचं काय? फायरवॉलनं अडवलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ टिपली होती. आक्कानं त्यांची दीड पानाची यादी काढली आणि आले त्या वेळेप्रमाणे त्यांचे नंबर लावा म्हणाली. साहेब ऐकेनात. तेव्हा तिनं "चूक माझी आहे, सभासदांची नाही" असं सरळ लिहून दिलं. साहेबांनी यादी ड्रॉवरमध्ये टाकली आणि तिचाच कागद दाखवून महिनाअखेर तिचं कंत्राट संपवलं. मला अजून त्या माणसाचा संताप येतो, आणि गप्प बसलो म्हणून स्वतःचा जास्त.

निरोपाला साहेब शाल-नारळ घेऊन उभे राहिले. हॉलमध्ये बरेच सभासदही आले होते. आक्कानं शाल घेतली नाही. पर्समधून यादीची दुसरी प्रत काढून टेबलावर ठेवली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, "मला निरोपाला ह्यावर सही द्या."

साहेबांनी सभासदांकडं बघितलं आणि सही केली. आक्कानं ती नीट बघून घेतली, कागद माझ्या हातात दिला. "नंबर आजच चढीव," म्हणाली आणि श्रीरामपूरची एस.टी. गाठायला निघून गेली.

"उद्या बघू ते," साहेब हळूच म्हणाले. मी त्यांच्यादेखत पहिलं नाव चढवलं.