टिकलीखालचं बटण

आमची ही गेली त्याला सव्वा वर्ष झालं. तिचा चष्मा मुलगी घेऊन गेली, तिला आईचं काहीतरी जवळ हवं होतं. कॉम्प्युटर माझ्याकडे राहिला. मी चौथी शिकलेला माणूस. नारायण पेठेत पुस्तकबांधणीच्या कारखान्यात अडतीस वर्षं कागद कापले, फर्मे शिवले, पुठ्ठे चढवले. इंग्रजी मला ओळखता येतं ते एवढंच, की हे इंग्रजी आहे.

ही दहावी झालेली, वर टायपिंगच्या दोन परीक्षा. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत खिडकीशी टेबल लावून तिनं कॉलेजच्या पोरापोरींचे प्रबंध टाईप केले. एका पोराचा तर अर्धा प्रबंध हिनंच सुधारून लिहिला, आणि तो डॉक्टर झाल्याचे पेढेसुद्धा द्यायला आला नाही. तिचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम जुना होता. कॉम्प्युटरच्या मागे अंगठ्याएवढं एक कुलूप खोचायला लागायचं. कुलूप असेल तर मराठी उमटणार, नाही तर नाही. नेट तिनं त्या मशीनला कधी जोडलं नाही. कुणी म्हटलं की काकू, नवीन घ्या, तर म्हणायची, "चाललंय ना? मग हात लावायचा नाही."

पुढं प्रबंध यायचे थांबले. पोरं मोबाइलमध्ये बोलूनच टाईप करायला लागली. तरी ही दुपारची टेबलाशी बसलेली दिसायची. मी विचारलं, "कुणाचं काम आलंय?"

"माझं."

"म्हणजे?"

"म्हणजे माझं. तुम्हाला वाचायचं असेल तर मी गेल्यावर वाचा. आत्ता वाचलंत तर ओळीओळीला भांडाल."

मी म्हटलं, मला काय पडलंय. असंच म्हटलं मी.

दवाखान्यात भरती व्हायच्या आधी तिनं मला फाईल उघडायला शिकवलं. चालू करायचं, कोपऱ्यातल्या पिवळ्या पाकिटावर दोन टिचक्या, आणि खाली जायला हे चाक फिरवायचं. दोनदा माझ्याकडून करून घेतलं. तिसऱ्यांदा मी चिडलो, तेव्हा म्हणाली, "ठीक आहे. येतंय तुम्हाला."

ती गेल्यावर दोन महिन्यांनी मी ते उघडलं. तिच्या माहेरचं होतं, मग लग्नाचं, मग कसबा पेठेतल्या आमच्या पहिल्या खोलीचं. एका दमात वाचलं असतं तर आठवड्यात संपलं असतं. मी नियम केला, सकाळी आंघोळ झाली, तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, की पाच ओळी वाचायच्या. सहावी नाही. एकूण पानं किती ते खाली आकड्यात येतं म्हणे, तिकडं मी बघायचो नाही. पुढं वाचायचं शिल्लक आहे तोवर ती अजून बोलतेय, असं माझं गणित होतं. चुकीचं असेल. पण त्यावर माझे अकरा महिने निघाले.

वर्षाच्या कार्यक्रमाला मुलगी नागपूरहून आली. म्हणाली, "बाबा, मोबाइलवर तुमचं नुसतं कपाळ दिसतं. आपण मोठ्या स्क्रीनवर बोलू." तिनं घरात नेट घेतलं, कॉम्प्युटरला जोडलं, वर एक कॅमेरा बसवला. मीही नको म्हटलं नाही. नातीचं तोंड दिसणार होतं.

ती नागपूरला परत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्याच्या मधोमध एक चौकट आली. तिच्यामागं पिवळं पाकीट झाकलेलं. मुलीला फोन लावला.

"बाबा, ते अपडेट विचारतंय. खाली दोन बटणं आहेत ना? उजवीकडचं दाबा. त्याचा अर्थ नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"उद्या परत विचारेल."

"मी उद्याही नाहीच म्हणणार."

"नाही असं बटण नसतं, बाबा."

"मग विचारतो कशाला?"

ती हसली. मला हसू आलं नाही. दारावर आलेल्या विक्रेत्यालासुद्धा नको म्हटलं की तो पुढच्या घरी जातो. हा उंबऱ्यातच बसून राहिला.

रोज सकाळी चौकट. कधी दिवसातून दोनदा. डावं कुठलं आणि उजवं कुठलं एवढं मला कळतं, पण माझा हात थरथरतो आणि तो बाण कुठंही पळतो. चुकून भलतं दाबलं जाईल अशी धास्ती. म्हणून मी एक शक्कल लढवली. आरशाच्या कडेला हिच्या टिकल्या अजून चिकटलेल्या आहेत. त्यातली एक मरून रंगाची टिकली काढली आणि पडद्याच्या काचेवर, बरोबर त्या उजव्या बटणावर लावली. चौकट आली की बाण टिकलीखाली न्यायचा आणि दाबायचं. चौकट जायची. मी पाच ओळी वाचायचो. महिनाभर असं चाललं. मला वाटलं, जिंकलो.

त्या सुमारास तिच्या लिहिण्यात कसबा पेठेतली खोली संपत आली होती. एके दिवशी पाचवी ओळ अशी होती: 'यांना एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही. ती अशी, की'. बस. तिथं पाच ओळी भरल्या. सहावी वाचायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण नियम म्हणजे नियम. बंद केलं. दिवसभर डोक्यात तेच. काय सांगितलं नसेल हिनं? आडून बोलायची सवय तिला नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी घाईघाईनं आंघोळ उरकली. चौकट आली. जरा मोठी वाटली, रंगही निळा होता. पण टिकलीखाली बटण होतं. मी दाबलं.

कंपनीनं चौकट बदलली होती. 'नंतर' दुसरीकडं नेऊन ठेवलं होतं आणि टिकलीच्या जागी 'आत्ता' आणलं होतं.

पडदा काळा झाला. ठिपके गोल फिरायला लागले. आकडा चढायला लागला. एक, दोन, मग बराच वेळ बारा. मी खुर्चीत बसून होतो, आपरेशनच्या खोलीबाहेर बसतात तसा. वायर ओढावी असं मनात आलं, पण अर्ध्यात ओढलं तर सगळंच जाईल म्हणून हात आवरला. दुपारी एकपर्यंत ते चाललं. मग त्यानं माझं नाव विचारलं, ईमेल विचारला, पासवर्ड विचारला. माझ्या घरातलं मशीन, माझ्या बायकोचं, आणि मला विचारतंय तू कोण. मुलीनं फोनवर एकेका अक्षराचा आकार सांगत तेही करून घेतलं.

उघडलं तर कोपऱ्यात पुण्याचं हवामान. खिडकी माझ्या डाव्या हाताला आहे, मला दिसतं हवामान. त्याखाली कुठल्याशा नटीच्या लग्नाची बातमी. प्रिंटर सापडत नाही म्हणे, तो शेजारीच होता. पंखा असा घरघरायला लागला की जणू पिठाची गिरणी. पिवळं पाकीट मात्र होतं. टिचक्या मारल्या. तिचा प्रोग्राम उघडेना. लाल फुली आणि दोन ओळी इंग्रजी. मुलीच्या सांगण्यावरून दुसऱ्या कशात तरी उघडलं, तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं. कोंबडी शाईत पाय बुडवून चालावी तसं. 'ती अशी, की' कुठं होतं तेही सापडेना.

मुलगी म्हणाली, "बाबा, ती फाईल मला आधीच पाठवून ठेवली असतीत तर?"

"तुझ्या आईनं मला वाचायला सांगितलं होतं."

पलीकडून तिच्या नाक ओढण्याचा आवाज आला. मी फोन ठेवला. मला तेव्हा दुसऱ्याचं रडणं झेपण्यासारखं नव्हतं.

दोन आठवडे मी घरीच खटपट केली. कुलूप काढून पुसलं, परत लावलं. शेवटी रिक्षात घालून मशीन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडं नेलं. चांगला जाडजूड गृहस्थ, डबा खात खात बघत होता.

"काका, दहा दिवसांच्या आत आला असतात तर मागं नेता आलं असतं."

"दहा दिवस हे कुणी सांगितलं?"

"लिहिलेलं असतं ना त्यात."

"इंग्रजीत?"

"मग काय मोडीत लिहिणार?" त्यानं फाईल पाहिली. "हे जुन्या फॉन्टचं आहे. नवीन सिस्टीमला ते कुलूप ओळखू येत नाही. काकूंनी ज्यात टाईप केलं, तेच जुनं मशीन पाहिजे. असलं आता कोण ठेवतंय? फॉरमॅट मारून देऊ का? फास्ट होईल."

"हात लावू नका," मी म्हटलं. एवढ्या जोरात, की त्याचा घास हातात राहिला. मग त्यानं गुपचूप फाईल एका पेनड्राईव्हवर घालून दिली.

पुस्तकबांधणीत एक गोष्ट होती. पुस्तक बांधून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं की आपलं काम संपलं. चूक राहिली तर ते परत घेऊन येई आणि मालक आमच्या सात पिढ्या उद्धरी. म्हणून आम्ही देण्याआधी प्रत ओढून, वाकवून बघायचो. आता हे लोक अर्धं कच्चं देतात आणि मग रोज घरात शिरून उसवतात, शिवतात, उसवतात. माणूस वाचत बसलेला असतो, त्याच्या हातातून पुस्तक ओढून घेतात. मी असं केलं असतं तर नारायण पेठेतून जिवंत बाहेर पडलो नसतो.

नारायण पेठेवरूनच आठवलं, की आमच्या कारखान्याच्या गल्लीत वरच्या मजल्यावर टायपिंग आणि पानं लावून देणारे पाच-सहा जण होते. बसनं गेलो. चार ठिकाणी कुलूप, एका ठिकाणी मोमोची गाडी. एकच बाई उरलेल्या, पन्नाशीच्या. दारावर पाटी: 'येथील मशीनला इंटरनेट नाही. का, ते विचारू नये.' मी विचारलं नाही. पेनड्राईव्ह पुढं केला.

त्यांनी खोचला, उघडला, आणि पडद्यावर मराठी आली. मी जवळच्या स्टुलावर बसलो.

"छापून देते," त्या म्हणाल्या. "पण माझा फॉन्ट याच घराण्यातला असला तरी वेगळा आहे. मधेमधे अक्षरं फुटलीत. मला पान न् पान वाचून दुरुस्त करावं लागेल. पत्रिका आहे का? प्रबंध?"

"बायकोचं आहे. ती नाही आता. माझ्यासाठी लिहिलंय."

त्यांनी हात कीबोर्डवरून काढला. "मग कसं करायचं, काका? वाचल्याशिवाय मला करता येणार नाही. आणि कचरा छापून मी देत नाही."

परक्या बाईनं माझ्या आधी वाचायचं. मुलीलासुद्धा दिलं नव्हतं. आणि माझ्या पाच-पाच ओळी? त्यांना काय सांगू, की रोज येतो, पाच ओळी करा? पेनड्राईव्ह खिशात घालून घरी गेलो असतो तर ती वस्तू घरात नुसती पडून राहिली असती. आणि या बाईंचं मशीन तरी अजून किती दिवस?

"वाचा," मी म्हटलं. "मोठ्यानं वाचा. म्हणजे दोघांना एकदमच कळेल."

मी कुठवर आलोय ते सांगितलं. त्यांनी शोधलं, घसा साफ केला आणि वाचायला लागल्या. 'यांना एक गोष्ट मी कधीच सांगितली नाही. ती अशी, की यांच्या हाताला येणारा, पुस्तकं चिकटवायच्या सरसाचा वास मला पहिल्या दिवसापासून कधी सहन झाला नाही. म्हणून मी मोरीत लिंबाची फोड ठेवायचे. यांना अजून वाटतं, हात चुरचुरायचे म्हणून ठेवायचे. वाटू दे.'

बाई थांबल्या. माझ्याकडं बघेनात.

"पुढं वाचा," मी म्हटलं.

"काका, हसू येतंय हो."

"हसा मग."

त्या हसल्या, पदरानं डोळे पुसून परत वाचायला लागल्या. मी माझे हात नाकाशी नेले. काम सोडून नऊ वर्षं झालीत, कसला वास येणार. तब्बल छत्तीस वर्षं ती फोड मी हातावर चोळत होतो आणि चारचौघांत सांगत होतो, की बायको काळजी घेते.

त्या वाचत गेल्या, फुटलेली अक्षरं सांधत गेल्या. मुलीचा जन्म, तिचं आजारपण, मी हिच्याशी दोन महिने बोललो नव्हतो ते, का बोललो नव्हतो ते. तिथं मी म्हटलं, "असं नव्हतं झालं." बाई म्हणाल्या, "भांडू नका, मी फक्त वाचतेय." अकरा महिने पुरवलेलं, अजून वर्षभर पुरलं असतं, ते एका बैठकीत संपत चाललं होतं. थांबा म्हणावंसं दोनदा वाटलं. म्हटलं नाही. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी तिचं बोलणं माझ्यासमोर बोलत होतं.

मग बाई एकदम थांबल्या.

"काय झालं?"

"संपलं, काका. वाक्यातच संपलंय." त्यांनी वाचलं: 'पाटलांच्या वाड्यामागच्या विहिरीवर आम्ही मुली पोहायला शिकलो, ते मला नीट लिहायचंय. पाणी एवढं थंड होतं, की. हे हाका मारतायत. काय हवंय कोण जाणे. बघून येते.'

"पुढं?"

"पुढं कोरं आहे." त्यांनी काहीतरी दाबून पाहिलं. "शेवटची सेव्ह केलीय ती दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी."

ती पोहायला शिकली होती हे मला माहीत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत कधी बोलली नाही, किंवा बोलली असेल आणि मी ऐकलं नसेल. त्या विहिरीशी पोचली होती आणि मी आतून हाक मारली. कशासाठी मारली ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. दुखत होतं का काही, फोन आला होता का, दारात कोणी होतं का. काही आठवलं नाही.

"चार वाजता म्हणजे," बाई हळू म्हणाल्या, "चहा हवा असेल."

"हो," मी म्हटलं. "चहाच असणार. दुसरं काय."

त्यांनी किती प्रती काढू विचारलं. मी दोन सांगितल्या, एक नागपूरला पाठवायला.