भोंगा वाजल्याशिवाय

वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसल्या बसल्या झोपणं ही कला आहे. सातपूरच्या आमच्या वाचनालयात ती अण्णा गांगुर्ड्यांइतकी कुणालाच साधली नाही. उभी हयात कारखान्यात गेलेली. बाराला मी पितळी घंटा हलवून दुपारची सुट्टी केली, की पेपर खाली यायचा. "झाला भोंगा! भोंग्याआधी उठलं तर हजेरी कापली जाते, गड्या."

या घंटेवरून आमच्याकडे तीन पक्ष होते. बालविभागातली चिल्लीपिल्ली ती वाजवायला मारामाऱ्या करायची. अण्णा तिच्यावर जगायचे. स्पर्धा परीक्षेवाल्यांना मात्र ती नकोशी. "सर, हे वाचनालय आहे की शाळा?" एका मुलीने विचारलं. 'सर' म्हटलं की मी विरघळतोच. घंटा कपाटात गेली.

त्या मे महिन्यातल्या दुपारी मी नुसतं "चला" म्हणालो. पोरं मिसळ खायला पांगली. एरवी खोली घंटेनेच रिकामी व्हायची, त्यामुळे टेबलांकडे बघायची मला सवयच नव्हती. खिडक्या लावल्या, मेन स्विच पाडला, कुलूप घातलं आणि आधुनिक ग्रंथपाल होऊन घरी आमरसाला बसलो.

दुसऱ्या वाटीला अण्णांच्या सूनबाईंचा फोन. "दादा, अण्णा निघाले का? शुगरची गोळी घेतलीय, अन् जेवले नाय अजून."

वाटी तशीच टाकून उठलो. पंखा बंद, खिडक्या बंद, वर पत्रा. स्कूटर रेटताना मी सगळ्या देवांना नवस बोललो, मानत नाही त्यांनासुद्धा.

दार उघडलं. आत भट्टी. कोपऱ्यात पेपर तसाच उभा.

"अण्णा?"

पेपर हलला नाही. तो बाजूला करायला हात नेला आणि मागे घेतला. त्यामागचं बघायची छाती होईना. काही सुचेना, म्हणून कपाटातून घंटा काढली. हात इतका कापत होता, की वाजवावी लागलीच नाही.

पेपर खाली आला. घामाने निथळलेले अण्णा पुटपुटले, "आज ओव्हरटाइम हाय का रे?"

बालविभागाच्या बक्षिसातल्या लिमलेटच्या गोळ्या मी त्यांना भरवल्या. "सांगायचं ना," ते म्हणाले, "डबा आणला असता."

घंटा पुन्हा टेबलावर आली.

गेल्या थंडीत अण्णा घरी झोपेतच गेले. तोंडावरून पांढरी चादर ओढलेली. सूनबाई म्हणाल्या, "दादा, तोंड बघून घ्या."

हात पुढे गेला, तसाच मागे आला. पिशवीत घंटा होती. काढली नाही. वाजवली, आणि नाही उठले तर?