बेदाण्याच्या शेडवर आलेला ढग

"त्या पोलपासून आधी लांब हो! जतच्या बाजूनं सेल येतोय आणि तो सरळ तुझ्याकडेच निघालाय." फोनवर साठे सर ओरडत होते. ते आमचे प्रमुख. एरवी आवाज चढवत नाहीत.

रडारच्या चित्रात जोरदार पावसाचा ढग ठळक ठिपक्यासारखा दिसतो. त्याला आम्ही सेल म्हणतो.

मी कवठे महांकाळच्या पुढं, उघड्या माळावर होते. तिथं आमचं स्वयंचलित हवामान केंद्र आहे. नाव मोठं असलं तरी आहे एक लोखंडी खांब. त्यावर वारा मोजणाऱ्या वाट्या, शेजारी पाऊस मोजायचं भांडं. आर्द्रतेचा सेन्सर चुकीचे आकडे पाठवत होता, म्हणून विश्रामबागच्या ऑफिसातून मी तो बदलायला आले होते.

त्या आठवड्याचा अंदाज मीच लिहिला होता. सुरुवातीला कोरडं आणि उकाडा, नंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, वादळी वारा, गारपिटीची शक्यता. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे थोडा पाऊस, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. जिल्ह्यातल्या मोजक्याच गावांत पडेल, एवढंच त्यातून कळतं. ज्या गावात पडेल तिथं तो झोडपूनही काढतो.

मी वर पाहिलं. दुपारी कापसासारखा दिसणारा ढग आता डोंगराएवढा झाला होता. माथा ऐरणीसारखा पसरलेला, बूड काळंनिळं. तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वेगानं वर चढते आणि असा ढग उभा राहतो. त्याच्या पोटात बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात, वीज साठत जाते. ती जमिनीकडे झेपावते तेव्हा उंच, एकटं काही दिसलं की बहुधा तिथंच पडते.

माळावर उंच म्हणाल तर दोनच गोष्टी होत्या. आमचा पोल आणि तिथले बागायतदार मारुतीअण्णा यांची बेदाण्याची शेड.

शेड म्हणजे लोखंडी अँगलचे खांब, त्यांवर मजल्यामजल्यानं ताणलेली तारेची जाळी आणि जाळीवर वाळत घातलेली द्राक्षं. दहा-बारा बायका कडेच्या ताडपत्र्या बांधत होत्या. प्रत्येकीचा हात लोखंडावर.

मी पळत गेले. "अण्णा, सगळ्यांना गोडाऊनमध्ये घ्या. आत्ताच्या आत्ता!"

"मॅडम, माल जाळीवर हाय. पानी लागलं तर काळा पडंल. एवढी ताडपत्री बांधू द्या."

लांब वीज लवली. मी मोठ्यानं सेकंद मोजले. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर, असा हिशेब असतो. मोजणी लवकरच थांबली. दुसऱ्या खेपेला त्याहून लवकर.

"हे काय मोजताय वो?" विमलकाकूंनी विचारलं. बायकांत त्या सगळ्यात मोठ्या.

"वीज किती जवळ आली ते. ही सगळी शेड लोखंडाची आहे, काकू."

काकूंनी हातातली दोरी सोडली. "अण्णा, बेदाणं पुन्यांदा हुतील. चला गं पोरींनो!"

तेवढ्यात गार वारा अंगावर आदळला. ढगातली थंड हवा पावसाच्या पुढं धावते, तो हा वारा. क्षणात समोरचं काही दिसेना, नुसती धूळ. आम्ही शेडशेजारच्या स्लॅबच्या गोडाऊनमध्ये घुसलो. भिंतीला टेकू नका, नळाला हात लावू नका, दारात थांबू नका, मी ओरडून सांगत होते. माझा आवाज मलाच परका वाटत होता. पत्र्यावर खडे पडावेत तशा गारा सुरू झाल्या.

"सुनंदा कुठं हाय?" काकूंनी विचारलं.

बायकांतली ती एकटीच शेडच्या पार त्या टोकाला ताडपत्री बांधत राहिली होती. तोंडाला, कानाला स्कार्फ गुंडाळलेला. तिला आमच्या हाका पोचल्याच नव्हत्या.

मी काही म्हणायच्या आत अण्णा बाहेर पडले. साठीचा माणूस, डोक्यावर रिकामा क्रेट धरून गारांतून पळत सुटला. धुळीत आणि पावसात ते दिसेनासे झाले. काकू देवाचं नाव घेत होत्या. माझ्या हातावरचे केस उभे राहिले होते. ते भीतीनं की विजेनं, मला आजही सांगता येत नाही.

दोघं दिसली. अण्णा सुनंदाचं मनगट धरून तिला ओढत होते. ती दाराच्या आत पडली, मागोमाग अण्णा, आणि सगळं पांढरं झालं. आवाज पोटातून गेला. कुणाची तरी किंकाळी ऐकू आली, बहुतेक माझीच.

डोळे उघडले तेव्हा शेडच्या त्या टोकाचं, सावलीसाठी लावलेलं हिरवं नेट जळत होतं. पावसानंच ते विझवलं.

सुनंदाचे कान संध्याकाळपर्यंत वाजत होते. डॉक्टरांनी तपासलं, बाकी सुखरूप. अण्णा भुईवर बसून होते. पाण्याचा तांब्या काकूंनी त्यांच्या तोंडाला लावला.

"अँगलला धरून हुबी हुती ती," ते एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. वाया गेलेल्या मालाबद्दल त्या दिवशी त्यांनी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी साठे सरांनी तालुक्याचे पावसाचे आकडे समोर ठेवले. शेजारच्या गावात थेंबसुद्धा नव्हता.

"अंदाज बरोबर आला की," ते म्हणाले.

आला होता. पण आठवड्याच्या अंदाजातून वार कळतो, जिल्हा कळतो. कुणाची शेड, ते कळत नाही. म्हणून आता शेतकऱ्यांच्या बैठकीत मी एवढंच सांगते: गडगडाट कानावर आला की माझ्या इशाऱ्याच्या फोनची वाट बघू नका, हातातलं सोडा आणि पक्क्या छताखाली जा.