आधीच पाठ केलेलं उत्तर

पेन्सिल तासल्याचा वास आला की मी तंजावुरातल्या त्या ओट्यावर जाऊन बसतो. मुलगी पाहायला गेलो होतो. दुपार कॉफीच्या वाफेत पेंगत होती, राजवाड्याची कबुतरं घुमत होती आणि मुलीचे वडील पेन्सिल तासून इंग्रजी शब्दकोड्याशी झुंजत होते. कलेक्टर कचेरीतले हे गृहस्थ कोडं सोडवणाऱ्यालाच मुलगी देणार, असं ऐकलं होतं. मद्रासचं वर्तमानपत्र त्यांना टपालानं एक दिवस उशिरा मिळे. मी स्टेशनवर ताजा अंक घेऊन त्यात छापलेली कालच्या कोड्याची उत्तरं पाठ करूनच आलो होतो. त्यांचा अडलेला शब्द मी ऐटीत सांगितला. “बरोबर. आता तो कसा आला, तेही सांगा.” मी कप पुन्हा तोंडाला लावला. तेवढ्यात दाराआडून मुलीचा आवाज आला, “अप्पा, सूचनेत ‘वादळात’ आहे की नाही? म्हणजे शेजारच्या शब्दाची अक्षरं विस्कटून पुन्हा लावायची. तेच म्हणणार होते ते.” मी गंभीरपणे मान हलवली. लग्न ठरलं. माझ्या पिशवीतून डोकावणारा ताजा अंक तिनं कॉफी ठेवतानाच पाहिला होता, हे मला फार नंतर कळलं. आता माझे केस पिकले. अजूनही कोडं ती सोडवते आणि उत्तरांचं पान तेवढं माझ्या हाती देते. “घ्या,” म्हणते, “तुमचा अभ्यास.”